तीन टक्के आणि बारा आणे : झरीने ठरवलेला व्याजदर

१/
२३ मे १९४५. ठाणे जिल्ह्याच्या तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी या गावी सुमारे पाच हजार वारली स्त्री-पुरुष जमले होते. त्या दिवशी, तेथून दीडशे किलोमीटरच्या आत असलेल्या मुंबईत, रिझर्व्ह बँकेचा ‘बँक रेट’ तीन टक्के होता. गेली साडेनऊ वर्षे तो तीनच टक्के होता. या दोन गोष्टींचा परस्परांशी काय संबंध, हे सांगण्यासाठी आजचा थ्रेड. लांब आहे, आणि मध्ये थोडी आकडेमोडही आहे, सवडीने वाचावा.

२/
झरीची सभा आपण ‘वारल्यांचा उठाव’ या प्रकरणात वाचतो आणि रिझर्व्ह बँक अर्थशास्त्राच्या पुस्तकात. त्यामुळे दोन्ही इतिहास वेगवेगळ्या फडताळांत जाऊन बसले आहेत. वस्तुतः दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता : उधार घेतलेल्या पैशाची किंमत कोणी ठरवायची? मुंबईत ती एक संस्था ठरवत होती. झरीत ती कोण ठरवत होते, हे पाहण्यापूर्वी मुंबईची यंत्रणा समजून घेऊ.

३/
रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली. ती सामान्य माणसाला कर्ज देत नाही. ती बँकांची बँक. तिच्याकडून बँकांना ज्या दराने उसने पैसे मिळतात तो बँक रेट. हा दर वाढला की बँकांना पैसा महाग पडतो, त्या व्यापाऱ्याला आणि गिरणीमालकाला अधिक व्याज लावतात. व्यापारी मग कापूस, साखर, धान्य यांचा साठा धरून बसण्याऐवजी विकून मोकळा होतो, आणि भाव उतरू लागतात. दर उतरला की याच्या उलट. पेन्शनरांच्या ठेवींचे व्याज, सरकारी कर्जरोख्यांच्या किमती, नव्या कारखान्याचा हिशेब, सगळे या एका आकड्याबरोबर हलते. निदान पुस्तकात तरी असे लिहिलेले असते.

४/
जुलै १९३५ मध्ये जाहीर झालेला पहिला दर साडेतीन टक्के होता. २८ नोव्हेंबर १९३५ रोजी तो तीन टक्क्यांवर आणला गेला आणि नंतर सोळा वर्षे कोणी त्याला हात लावला नाही. पहिले गव्हर्नर सर ऑस्बॉर्न स्मिथ यांचे व्याजदर आणि विनिमयदर या दोन्हींवरून सरकारशी बिनसले आणि १९३७ मध्ये ते पायउतार झाले. (‘सरकार विरुद्ध गव्हर्नर’ हे नाटक आजचे नाही, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.) झरीची सभा झाली तेव्हा गव्हर्नरपदी होते चिंतामण द्वारकानाथ देशमुख : त्या पदावरचे पहिले भारतीय, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले. म्हणजे देशाचा व्याजदर ज्यांच्या हाती होता ते गृहस्थही कोकणचेच होते.

५/
आता प्रश्न असा की मुंबईतील तीन टक्के गावापर्यंत पोहोचायचे कसे? त्याला जिना हवा. पहिला जिना सराफांचा : बँक सराफाच्या हुंडीवर पैसे देणार, सराफ गावच्या सावकाराला देणार, सावकार कुळाला. रिझर्व्ह बँकेने १९३७ मध्ये या देशी सराफांना आपल्याशी जोडून घेण्याची योजना मांडली. अट अशी होती, की त्यांनी इतर व्यापार सोडावा, हिशेबाच्या वह्या रीतसर ठेवाव्यात आणि तपासू द्याव्यात. सराफांनी ती मानली नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यापार सोडून आणि चोपड्या परक्यापुढे उघडून मिळणार काय, तर थोडा स्वस्त पैसा! त्यांच्या बाजूने पाहिले तर नकार समजण्यासारखा आहे. परंतु जिन्याची वरची पायरीच त्यामुळे बसली नाही.

६/
दुसरा जिना सहकाराचा. रिझर्व्ह बँकेच्या कायद्यातच शेती-कर्जासाठी वेगळा विभाग सांगितला होता. बँकेने प्रांतिक सहकारी बँकेला द्यायचे, तिने जिल्ह्याला, जिल्ह्याने गावच्या सोसायटीला, सोसायटीने सभासदाला. कागदावर हा जिना अखंड होता. तथापि शेवटच्या पायरीवर एक साधा प्रश्न उभा असे : तारण काय? ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला उत्तर देता येई. उंबरगाव-डहाणूच्या बहुसंख्य वारल्यांना देता येत नसे, कारण एकोणिसाव्या शतकात रोख सारा, जंगलावरचे निर्बंध आणि सावकारी यांच्या कात्रीत त्यांच्या जमिनी जमीनदारांकडे गेल्या होत्या. ज्या रानात त्यांचे आजे-पणजे मालक म्हणून राबले, तेथेच ते आता मालकाच्या मर्जीवरची कुळे होते.

७/
म्हणून या भागात कर्ज देणारा, जमीन देणारा, काम देणारा आणि धान्य विकणारा, हे चारही बहुधा एकच मनुष्य असे. बाजारात चार दुकाने असतील तर आपण भाव विचारतो. येथे दुकान एकच. आणि ते दुकान आपल्याच खोपटाच्या जमिनीचे मालक.

८/
या व्यवस्थेचे सर्वांत भीषण रूप म्हणजे लग्नगडी. वारली तरुणाला लग्न करायचे, तर चार पैसे लागत. ते सावकाराकडून उचलायचे. मोबदल्यात नवराच नव्हे, तर नवी नवरीही मालकाच्या घरी आणि शेतावर राबू लागे, कर्ज फिटेपर्यंत. ते फिटत नसे. बाप गेला की मुलाच्या माथी येई. गड्याच्या बायकोवर आणि तिच्या अब्रूवरही मालक हक्क सांगत, हे गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या आपल्या पुस्तकात नोंदवले आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने आदिवासी भागांच्या पाहणीसाठी नेमलेले सनदी अधिकारी डी. सिमिंग्टन यांनीही आपल्या अहवालात लग्नगड्याची प्रथा मांडली होती. ‘आम्हांला ठाऊक नव्हते’ असे म्हणायला सरकारला जागा उरली नव्हती.

९/
लग्नगड्याच्या कर्जाचा व्याजदर किती होता? अभिलेखागारात शोधत बसलात तर मिळणार नाही, कारण तो कोठे लिहिलेलाच नव्हता. आपण काढून पाहू. हिशेबाच्या सोयीसाठी कर्ज शंभर रुपये धरू. नवरा आणि बायको वर्षातून प्रत्येकी तीनशे दिवस राबली, असे समजू. म्हणजे एकूण सहाशे दिवसांचे श्रम. या श्रमांची किंमत मालकाने दिवसाला एक आणा धरली, तर वर्षाचे झाले सहाशे आणे, म्हणजे साडेसदतीस रुपये. त्यातून दोघांचा जेवणखर्च वजा केला की शिल्लक शून्य. मुद्दलातून एक पैही कमी होत नाही. जन्म संपतो, कर्ज राहते.

१०/
आता तेच श्रम, तेच सहाशे दिवस; पण किंमत दिवसाला बारा आणे धरा. बेरीज साडेचारशे रुपये होते. निम्मे अन्नावर गेले असे मानले तरी सव्वादोनशे उरतात. शंभर रुपयांचे कर्ज सहा महिन्यांच्या आत फिटते. कर्ज बदलले नाही, माणसे बदलली नाहीत, कष्टही बदलले नाहीत. बदलला केवळ मजुरीचा भाव. म्हणजे व्याजाचा खरा दर रोख्यात नव्हताच. तो मजुरीच्या दरात दडलेला होता. हा आकडा लक्षात ठेवा : बारा आणे. त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

११/
आणि मुंबईचे तीन टक्के? शंभर रुपयांवर वर्षाचे व्याज तीन रुपये, म्हणजे अठ्ठेचाळीस आणे. बारा आणे मजुरीने पाहिले तर चार दिवसांचे काम. एका माणसाचे, वर्षातून चार दिवस. झरीत त्याच शंभर रुपयांपोटी दोन माणसांचे वर्षभराचे सगळे दिवस जात होते, आणि पुढच्या वर्षीचेही.

१२/
लग्न आयुष्यात एकदा, पोट रोजचे. त्यासाठी खावटी. पावसाळ्यात घरातले धान्य संपते, तेव्हा मालकाकडून भात उचलायचे आणि कापणीनंतर वाढीव मापाने परत करायचे. धान्याच्या उसनवारीत सवाई-दिढीची चाल महाराष्ट्रभर होती. आषाढात एक मण नेले आणि कार्तिकात दीड मण फेडले, म्हणजे पाच महिन्यांत पन्नास टक्के. वर्षाच्या हिशेबाने एकशेवीस. रिझर्व्ह बँकेने बँक रेट तीनाचा दोन केला असता किंवा चार केला असता, तरी या दीड मणात एक मूठभरही फरक पडला नसता. या कर्जात पैसा नव्हताच. भात होते आणि भूक होती.

१३/
कायद्याने व्याजाला लगाम घालण्याचे प्रयत्न आपल्याकडे जुने आहेत. ‘दामदुपट’ हा तर आपल्या परंपरेतलाच नियम : व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये. इंग्रजांनी १८५५ मध्ये व्याजावरचे कायदेशीर बंधन काढून टाकले. पुढे अमेरिकेतील यादवीच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला, दख्खनच्या शेतकऱ्याने कर्ज उचलले, युद्ध संपून भाव कोसळले, आणि १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांचे रोखे जाळले गेले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. न्यायाधीशाला रोख्यावरील आकड्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला.

१४/
सुप्याचा कुणबी आणि झरीचा वारली यांच्यात मात्र एक मोठे अंतर होते. सुप्याला जाळायला रोखा होता. रोखा म्हणजे अन्यायाचा असला तरी पुरावा. तो घेऊन कचेरीत जाता येते, तो फाडता येतो, त्यावर भांडता येते. लग्नगड्याचे बंधन बहुधा शब्दावर, चालीवर आणि मालकाच्या दहशतीवर उभे होते. जे कागदावर नाही ते न्यायालयापुढे नेणार कसे? दामदुपट लावायला आधी दाम मोजावे लागतात.

१५/
आता दुसरे महायुद्ध. माझ्या मते १९४५ च्या झरीचे हे पान सर्वांत कमी वाचले जाते. युद्धासाठी हिंदुस्थानातून ब्रिटनने जो माल आणि ज्या सेवा घेतल्या, त्यांचे पैसे लंडनमध्ये पौंडांच्या रूपाने जमा होत राहिले, आणि त्या जमेच्या आधाराने रिझर्व्ह बँक येथे नोटा छापत राहिली. १९३९ साली चलनात पावणेदोनशे कोटींच्या आसपास नोटा होत्या. १९४५ पर्यंत त्या हजार कोटींच्या पुढे गेल्या. घाऊक किमती दुपटीहून अधिक झाल्या. १९४३ मध्ये मुंबईत रेशन आले. आणि या सगळ्या काळात बँक रेट? तीन टक्के. सरकारला स्वस्तात कर्ज उभारायचे होते, तेव्हा दर वाढवून महागाई आवरण्याचा मार्ग बंदच होता.

१६/
महागाई सर्वांना सारखी झोडपत नाही, हे अर्थशास्त्राचे जुने निरीक्षण. पैशांत कर्ज असलेल्याचे ती भलेही करते. ज्या शेतकऱ्याकडे विकायला धान्य होते, त्याच्या भाताचा भाव दुप्पट झाला. पण रोख्यावरचा आकडा होता तेवढाच राहिला. म्हणजे पूर्वी दोन खंडी भात विकून फिटणारे कर्ज एका खंडीत फिटू लागले. मद्रास प्रांतात युद्ध संपताना झालेल्या पाहणीत नेमके हेच दिसले : मोठ्या जमीनधारकांचे कर्ज घटले होते, भूमिहीन मजुरांचे मात्र वाढले होते.

१७/
लग्नगड्याला या महागाईचा लाभ मिळाला असता, जर त्याचे कर्ज पैशांत मोजले जात असते आणि त्याची मजुरी भावाबरोबर वाढत असती. दोन्ही नव्हते. त्याचे कर्ज दिवसांत मोजले जाई, आणि दिवसाला महागाई नसते. त्याच वेळी मुंबईच्या गिरणी कामगाराला लढून का होईना, राहणीखर्चाशी जोडलेला महागाई भत्ता मिळत होता. एकाच प्रांतात, एकाच रेल्वेमार्गाने जोडलेल्या दोन ठिकाणी, एका श्रमिकाची मजुरी आकड्याबरोबर हलत होती आणि दुसऱ्याची गोठलेली होती. उंबरगावच्या रानातले गवत मात्र मुंबईच्या बाजारभावाने विकले जात होते.

१८/
७ जानेवारी १९४५ रोजी टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. उंबरगावकडील काही वारलीही तेथे पोहोचले; माह्या धांगडा हे त्यांपैकी एक. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्याशी त्यांची ओळख झाली आणि परुळेकर दांपत्य उंबरगाव-डहाणूच्या पाड्यांत हिंडू लागले. गोदावरीबाई कायद्याच्या पदवीधर, भारत सेवक समाजात काम केलेल्या. शहरी, सुशिक्षित स्त्री रात्री-अपरात्री रान तुडवत पाड्यावर येते आणि आपल्याच चुलीपाशी बसते, याचे वारल्यांना जे नवल वाटले ते त्यांच्या पुस्तकात मुळातूनच वाचावे. १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला.

१९/
मग झरीची सभा. तेथे ठरले ते असे : वेठ द्यायची नाही. लग्नगडी म्हणून कोणी राबायचे नाही. मालकाच्या जमिनीवर काम करायचे तर दिवसाला बारा आणे रोख मजुरी घेऊन. मारहाण झाली तर एकजुटीने उभे राहायचे.

वाचकांनी क्षणभर तिसरे वाक्य पुन्हा वाचावे. ते मजुरीविषयी आहे असे दिसते. दहाव्या पोस्टमधला हिशेब आठवला, तर ते कर्जाविषयीही आहे हे ध्यानात येईल. बारा आणे रोख मिळू लागले की मालक ‘कर्ज अजून फिटलेले नाही’ असे कोणत्या तोंडाने म्हणणार? आणि ‘रोख’ हा शब्दही नीट पाहावा. मजुरी धान्यात मोजली तर माप मालकाचे. आण्यांत मोजली तर टांकसाळीचे. वारल्यांनी आपला दिवस प्रथमच देशाच्या चलनात आणला.

२०/
सावकारीविरुद्धच्या लढ्यांत व्याजदराची मागणी बहुधा थेट असते : इतके टक्के करा, इतके माफ करा. झरीने टक्क्यांचा उल्लेखही केला नाही. तेथे जमलेल्यांना टक्के ठाऊक नव्हते म्हणून असे झाले, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. ज्याची फसवणूक ज्या जागी होते, ती जागा त्याला इतरांपेक्षा चांगली कळते. त्यांचे बोट बरोबर त्या जागी पडले होते.

२१/
पुढच्या आठवड्यांत वारल्यांचे जथे गावोगावी मालकांच्या वाड्यांवर गेले आणि लग्नगडी बाहेर पडले. पाऊस सरला, गवत कापणीचा हंगाम आला. पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये, ही मागणी घेऊन संप झाला. कापल्यावाचून गवत उभे वाळते. मालकांना ही निकड ठाऊक होती आणि वारल्यांनाही. १० ऑक्टोबर १९४५ रोजी गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे अशी अफवा उठली, आणि तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. परुळेकरांना जिल्हाबंदी झाली. संप मोडला नाही. तलासरी-डहाणूत १० ऑक्टोबर आजही हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो.

२२/
आता मुंबईकडे परत. १५ नोव्हेंबर १९५१ रोजी, सोळा वर्षांनी, बँक रेट तीनाचा साडेतीन झाला. गव्हर्नर होते बेनेगल रामा राव. कोरियातील युद्धामुळे मालाचे भाव चढले होते, व्यापारी साठे करत होते. दर वाढला, शिवाय बँकांकडचे सरकारी रोखे सढळपणे विकत घेणे रिझर्व्ह बँकेने थांबवले. बँकांचा हात आखडला, आणि १९५२ च्या आरंभी घाऊक भाव झपाट्याने उतरले. जगभरच भाव उतरत होते, तेव्हा सगळे श्रेय अर्ध्या टक्क्याला देणे बरोबर नाही. पण कापूसबाजाराने आणि शेअरबाजाराने ती वाढ खासच ऐकली.

२३/
गावाने ऐकली का? योगायोग पाहा : त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेच्याच पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी चालू होती. समितीचे अध्यक्ष ए. डी. गोरवाला, सभासदांत धनंजयराव गाडगीळ. १९५४ मध्ये अहवाल आला. शेतकऱ्याने घेतलेल्या दर शंभर रुपये कर्जापैकी व्यापारी बँकांकडून आले होते नव्वद पैशांच्या मोलाचे, सहकारी संस्थांकडून तीन रुपये, सरकारकडून साडेतीनच्या आत. सावकारांकडून, म्हणजे धंदेवाईक आणि शेती करणारे मिळून, जवळपास सत्तर. रिझर्व्ह बँकेचा दर ज्या वाटेने गावात शिरू शकत होता, त्या सगळ्या वाटा मिळून शंभरात सात-साडेसात रुपये. आपला आवाज कोठवर पोहोचतो हे बँकेने स्वतःच मोजले आणि छापले, याबद्दल तिला मानलेच पाहिजे.

२४/
त्या अहवालातून पुढचे बरेच काही निघाले. इम्पीरियल बँकेची १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक झाली, गावोगावी शाखा काढण्याच्या जबाबदारीसह. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. जमिनीच्या बाजूने कूळ कायदा आला. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरून कसणाऱ्याला मालकीची वाट मोकळी झाली. तारणाच्या प्रश्नाला निदान काही वारल्यांपाशी आता उत्तर आले. वेठबिगारीवर देशव्यापी कायदेशीर बंदी यायला मात्र ऑक्टोबर १९७५ चा वटहुकूम आणि १९७६ चा कायदा यावा लागला : झरीनंतर तीस वर्षांनी. आणि त्यानंतरही याच जिल्ह्याच्या दक्षिण भागात, वसई-भिवंडीकडे, १९८२ मध्ये स्थापन झालेल्या श्रमजीवी संघटनेला वेठबिगार कुटुंबे सोडवावी लागत होती.

२५/
खावटीचे काय झाले? ती सरकारने उचलली. आदिवासी विकास महामंडळाच्या मार्फत १९७८ पासून आदिवासी कुटुंबांना खावटी कर्ज मिळू लागले : काही धान्य, काही रोख, पावसाळ्याच्या तोंडावर. सावकाराचा शब्द सरकारने आपल्या योजनेच्या नावात घेतला, ही बाब मला फार बोलकी वाटते. २०२० मध्ये टाळेबंदीनंतर राज्याने ते कर्जाऐवजी अनुदान केले. कुटुंबामागे चार हजार रुपये, निम्मे खात्यात आणि निम्मे वस्तूंच्या रूपाने. त्या चार हजारांवर व्याज नव्हते आणि परतफेडही नव्हती.

२६/
आजची स्थिती थोडक्यात. बँक रेटची जागा आता रेपो दराने घेतली आहे. २०१६ पासून सहा जणांची पतधोरण समिती तो ठरवते. मे २०२२ मध्ये तो चार टक्के होता, फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा झाला. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य दराशी जोडलेली आहेत, म्हणून ही वाढ घराघरांत लगेच पोहोचली. वीस वर्षांचे पंचवीस लाखांचे कर्ज सात टक्क्यांनी असेल तर हप्ता १९,४०० च्या जवळ. साडेनऊ टक्क्यांनी २३,३०० च्या. महिन्याला जवळपास चार हजार अधिक. पालघर जिल्ह्यातच विरार, बोईसरला सदनिका घेतलेल्या कुटुंबाला विचारा. पतधोरणाची तारीख त्यांना तोंडपाठ असते.

२७/
त्याच जिल्ह्याचे दुसरे टोक. दिवाळीनंतर तलासरी, डहाणू, जव्हार, मोखाड्याकडची कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. अनेकांनी पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. आजारपण, लग्न, घराचे छप्पर. भट्टीवर काम हजार विटांच्या हिशेबाने मोजले जाते आणि हंगामाच्या शेवटी उचलीतून वळते होते. फिटले नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. या उचलीवर किती टक्के व्याज, असे विचारले तर मुकादम खरेपणाने सांगेल की व्याज काही नाही. आणि ते कागदावर खरेच असते. दर पाहायचा असेल तर हजार विटांना काय भाव दिला, हे पाहावे लागते.

२८/
फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रेपो साडेसहावरून साडेपाचावर आला. बोईसरच्या सदनिकेचा हप्ता किंवा हप्त्यांची संख्या त्याबरोबर उतरली. भट्टीचा हंगाम जूनच्या आधीच, पहिल्या पावसापूर्वी संपला होता, आणि हिशेब होऊन कुटुंबे पाड्यांवर परतली होती. पुढच्या हंगामाच्या उचलीची बोलणी गणपतीच्या आसपास सुरू होतात.